पाठीवर बसून पायाकडे

पाठीवर बसलेल्या माणसाने गळा सोडून पाय का धरावा, हे मला अजून पुरते उमगलेले नाही. दाखवले तसे हात-पाय थोडेफार हलू लागले आहेत, पण मन मागेच राहते. पाठ मिळाली म्हणजे गळा, हे समीकरण पहिल्या आठवड्यात इतके पक्के बसवले गेले की त्यानंतर कोणी "आता पाय" म्हटले की मी क्षणभर थांबतो, आणि तेवढ्या वेळात खालचा माणूस निसटतो.

मी बसवकल्याण तालुक्यातला. नोकरीसाठी कलबुर्गीत राहतो, शिकवतो. तिशी उलटल्यावर ग्रॅपलिंग, म्हणजे जमिनीवरची पकडींची झटापट, शिकायला गेलो, कारण घराजवळच्या एका हॉलमध्ये फोमच्या मॅट अंथरून दहा-बारा जण संध्याकाळी झटापट करताना दिसायचे आणि त्यात मला गावाकडच्या तालमीचे काहीतरी दिसायचे. कोच हैदराबादेत शिकून आलेला, माझ्यापेक्षा लहान. तो कानडीत सुरू होतो, मध्येच दखनीत जातो, डावांची नावे इंग्रजीतली सांगतो आणि मला अडलेले दिसले की हाताला धरून ती जागा दाखवतो. मला तो 'सर' म्हणतो, मी त्याला 'कोच'.

पाठीवरची पकड म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचे कळणार नाही. आपली छाती समोरच्याच्या पाठीला चिकटलेली. एक हात त्याच्या खांद्यावरून, दुसरा काखेतून, आणि दोन्ही हात त्याच्या छातीवर एकमेकांत अडकवलेले. आपले दोन्ही पाय त्याच्या कमरेभोवतून पुढे येऊन टाचा त्याच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला. या पायांना तिथे हुक म्हणतात. हात त्याला पुढे पळू देत नाहीत, हुक त्याची कंबर वळू देत नाहीत. तो आपल्याला पाहू शकत नाही आणि त्याचे हात मागे पोहोचत नाहीत. जमिनीवरच्या झटापटीत याहून चांगली जागा नाही, असे सगळे मानतात, आणि इथून पहिला धडा एकच असतो: हात हनुवटीखाली सरकवा आणि गळा आवळा.

हे कळायला सोपे होते. अडचण अशी की खालच्यालाही ते ठाऊक असते. आमच्या हॉलमधली काल आलेली पोरेसुद्धा पाठ गेली की हनुवटी छातीशी टेकवतात आणि दोन्ही हातांनी वरच्याचे मनगट धरून बसतात. मग मिनिट-मिनिट हातांची ओढाताण चालते. वरचा दमतो, खालचा दमतो, गळा काही सापडत नाही.

अशाच एका ओढाताणीत कोच शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "सर, कुत्तिगी बिडरी. कालु हिडीरी." मान सोडा, पाय धरा. शब्द कळले, पण करायचे काय ते कळेना. पाय तर माझ्यापासून लांब, त्याच्या पुढच्या बाजूला. तो धरायचा तर हातांची पकड सोडावी लागणार, आणि पकड सोडली की पाठ गेली. मी तसे विचारले. कोच म्हणाला, "हात सुटने दो सर, पाँव से पकड़ो." हात सुटू द्या, पायांनी धरून ठेवा.

मग त्याने ते माझ्यावरच करून दाखवले. मी गुडघ्यांवर आणि हातांवर ओणवा, तो पाठीवर. त्याने मला उठायला सांगितले. पाठीवर ओझे घेऊन उठायचे तर आधी ढुंगण वर येते आणि एक पाय सरळ होऊ लागतो. त्याला दुसरा मार्गच नाही. माझा उजवा पाय सरळ व्हायला लागताच त्याने वरचे हात सोडले, खाली वाकला आणि माझा तोच घोटा धरला. त्याचा हुक माझ्या उजव्या मांडीच्या पुढून, गुडघ्याच्या जरा वर, तसाच अडकलेला होता. आता त्याने घोटा स्वतःच्या छातीकडे ओढला आणि हुकने माझी मांडी मागे दाबली. टाच पुढे येते, मांडी मागे जाते, मधला गुडघा ज्या बाजूला वाकत नाही त्या बाजूला जाऊ लागतो. मांडीच्या मागची शीर कमरेपासून पोटरीपर्यंत ताणली गेली आणि मी मॅटवर थाप मारली, म्हणजे हार मानली. माझे लक्ष तोवर गळ्यापाशीच होते. गळ्याला कोणी हातही लावला नव्हता.

या डावाला सुलोएव स्ट्रेच म्हणतात. अमर सुलोएव हा मूळचा आर्मेनियाचा लढवय्या. या शतकाच्या सुरुवातीला रशियातल्या झुंजींमध्ये त्याने तो वापरला आणि डावाला त्याचे नाव पडले. पुढे बरीच वर्षे तो विसरल्यासारखा होता. २०१३ च्या फेब्रुवारीत यूएफसी या मिश्र झुंजींच्या स्पर्धेत केनी रॉबर्टसनने ब्रॉक जार्डिनला त्यावर हरवले. मग ८ सप्टेंबर २०१८ ला डॅलसमध्ये एकाच रात्री दोघांनी तो लावला: अल्जमेन स्टर्लिंगने कोडी स्टेमनवर आणि झाबित मागोमेदशारिपोव्हने ब्रँडन डेव्हिसवर. कोचने दोन्ही झुंजी मला मोबाइलवर दाखवल्या. मी त्या पुन्हा पुन्हा थांबवून पाहिल्या. वरचा माणूस हात सोडतो तो क्षण मला दर वेळी चुकीचा वाटतो. आता हा पडणार, असे वाटते, आणि खालचा हरतो.

पडण्याची भीती खोटी नाही. हात सोडून खाली वाकले की वजन पुढे जाते, आणि हुक ढिला असेल तर वरचा माणूस खालच्याच्या डोक्यावरून समोर घसरतो. तिथून सगळे उलटे होते: पाठ गेली, आपण खाली, तो वर. म्हणून हा डाव शिकताना आम्ही हात न वापरता नुसत्या पायांनी पाठीवर टिकून राहण्याचा सराव करतो. खालचा उठतो, बसतो, अंग झटकतो. वरच्याने दोन्ही हात स्वतःच्या छातीवर ठेवायचे. माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा सराव हाच. मांड्यांच्या आतल्या स्नायूंना एवढे काम आयुष्यात कधी पडले नव्हते.

दुसरा डाव मला याहून गोंधळात टाकतो. खालचा ओणवा आहे, आपण त्याच्या बाजूने पाठीवर. एक हुक आत घालायचा आणि पाठीवर बसण्याऐवजी खांद्यावरून कोलांटी घ्यायची, त्याचा एक पाय आपल्या पायांत गुंडाळून बरोबर न्यायचा. कोलांटी संपते तेव्हा दोघेही आडवे, त्याचा पाय आपल्या दोन पायांत गुंतलेला, आणि आपली नडगी त्याच्या गुडघ्याच्या मागच्या खोबणीत. आता त्याचे पाऊल आपल्याकडे ओढले की पोटरी नडगीच्या हाडावर चेपली जाते. याला काफ स्लायसर म्हणतात. चार्ल्स ओलिवेराने जानेवारी २०१२ मध्ये शिकागोत एरिक वाइझलीला यावर हरवले; यूएफसीत या डावाने मिळालेला तो पहिला विजय. आणि त्याच गुंत्यातून एक पाय पायांनी आणि दुसरा हातांनी धरून दोन्ही फाकवले, तर जांघेवर असा ताण येतो की माणूस ओरडतोच. कोलांटी घेतल्यावर मला माझा डावा पाय कोणता हेच आठवत नाही. कोच बोटाने माझ्या नडगीवर टकटक करतो, "ये, ये वाला," तेव्हा कळते. या डावाबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही. तो अजून माझा झालेला नाही.

गोंधळ असह्य झाला तेव्हा मी गावी गेलो. कमलापूर, हुमनाबाद करत बस बसवकल्याणला येते, तिथून पुढे गाव. मारुतीच्या देवळामागे तालीम आहे. माती आता वर्षातून एकदाच नीट मळली जाते. तेल, ताक, हळद घालून ती मऊ करण्याइतका खर्च आणि तेवढी पोरे दोन्ही कमी झाली आहेत. पण जत्रेच्या आधी महिनाभर तिथे शड्डू घुमतात, आणि वस्ताद रोज पहाटे येतात. त्यांची सत्तरी उलटली आहे. तरुणपणी ते उदगीर, निलंगा, लातूरच्या फडांत खेळले. महाराष्ट्र-कर्नाटकाची सीमा त्यांच्या डोक्यात नाही, आणि कुस्तीत ती कधी नव्हतीच. १९५६ पर्यंत निलंगा तालुका आमच्या बिदर जिल्ह्यातच होता. १९६९ चे महाराष्ट्र केसरी, १९७७ मध्ये बेळगावात पैलवान सतपालला हरवणारे हरिश्चंद्र बिराजदार त्याच तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. वस्ताद त्यांना आजही आपल्या जिल्ह्याचा पैलवान मानतात.

मी त्यांना सुलोएव स्ट्रेच तोंडी सांगितला. ते ऐकत होते, पण तोंडी सांगण्यावर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी दोन पोरांना मातीत उतरवले. एक ओणवा, दुसरा पाठीवर. वस्ताद पाठीवरच्याला म्हणाले, "सवारी भर." त्या पोराने पाय आत घातले, अगदी आमच्या हुकसारखे. मग वस्ताद माझ्याकडे वळले.

"मास्तर, हा खालचा काय जपतोय सांगा."

"पाठ," मी म्हणालो.

"पाठ. ती मातीला लागू द्यायची नाही. म्हणून हात असे लांब टाकून, छाती जमिनीला देऊन पडलाय. गळ्याची भीती त्याला नाही, आपल्यात गळा धरत नाहीत. तुमच्याकडचा गळा जपतो. आता दोघांचे पाय कोण जपतंय?"

कोणीच नाही, हे मला तिथे मातीच्या कडेला उभे राहून कळले. माणसाला ज्याची भीती शिकवलेली असते तिथेच त्याचे हात जातात. मातीत हात पाठीसाठी खर्च होतात, मॅटवर गळ्यासाठी. पाय दोन्हीकडे उघडा राहतो. हरण्याची व्याख्या जशी असेल, तसा बचाव घडतो. आणि बचाव जिथे नाही तिथे डाव. इतके दिवस मी हाताची आणि पायाची जागा पाठ करत होतो. खरे तर आधी खालच्याची भीती वाचायची होती.

वस्तादांनी मग पायाचा उपयोग दाखवला, आणि तो आमच्यापेक्षा वेगळा होता. वरच्या पोराने सवारी भरून खालच्याचा एक पाय आपल्या पायाने मागे ताणला, तसा खालच्याचा आधार गेला, कंबर जमिनीला टेकली, आणि त्या बाजूने त्याला उलटवणे सोपे झाले. पाय दुखवायला धरलेला नव्हता, पाठ मिळवायला धरलेला होता. कुस्तीत पायावरचा ताण हे साधन आहे, ग्रॅपलिंगमध्ये तोच शेवट आहे.

या फरकामुळे कुस्ती किती लांबू शकते याचे सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण लंडनचे. १० सप्टेंबर १९१० रोजी गामा पैलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को लढले. झिबिस्को पोटावर पालथा पडून राहिला आणि अडीच तासांहून अधिक वेळ गामा त्याच्यावर असूनही त्याची पाठ लागली नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. पुढे १९२८ मध्ये पतियाळात गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केले. लंडनच्या त्या मैदानात गामाने पाय ताणून शरणागती घ्यायचा प्रयत्न केला असता तर काय झाले असते, हा विचार मला सारखा येतो.

आणि मॅटवरच्या कुस्तीतले सगळ्यात जवळचे उदाहरण योगेश्वर दत्तचे. लंडन ऑलिंपिक, २०१२, ६० किलो गट, कांस्यपदकाची लढत, समोर उत्तर कोरियाचा री जोंग म्योंग. योगेश्वरने मागून त्याचे दोन्ही घोटे एकमेकांवर चढवून कवळले आणि त्याला लाटण्यासारखे फिरवत गुण घेतले. त्याला फितले म्हणतात. त्या रात्री देशभर लोकांनी तो डाव पाहिला; मी तेव्हा नुसते पदक पाहिले होते. आता पाहतो तेव्हा दिसते की री सारे अंग जमिनीला दाबून पाठ वाचवत होता आणि घोटे योगेश्वरच्या ताब्यात होते. वस्तादांचा प्रश्न तिथेही लागू पडतो.

जुन्या परंपरेत कुस्तीचे चार प्रकार सांगतात: हनुमंती, भीमसेनी, जांबुवंती, जरासंधी. हनुमंतीत चपळाई आणि डाव, भीमसेनीत ताकद. जांबुवंतीत सांधे आणि अंग अडकवून समोरच्याला शरण आणायचे, आणि जरासंधी ही अवयव मोडण्यापर्यंत जाणारी. कलबुर्गीतल्या मॅटवर मी जे शिकतो आहे ते या हिशेबाने जांबुवंती आहे, आणि थाप मारण्याचा नियम पाळला नाही तर ते जरासंधी होते. ही नावे मला वस्तादांनी सांगितली तेव्हा मनावरचे एक ओझे उतरले. परक्याची विद्या शिकतो आहोत असे जे वाटत होते, ते त्यानंतर वाटेनासे झाले.

त्यातही आपले बसवकल्याण म्हणजे जुने कल्याण, चालुक्यांची राजधानी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मल्लविनोद असे प्रकरण आहे. मल्लांची वय, बांधा आणि बळ यांवरून प्रतवारी, त्यांना राजाने द्यायचा खुराक (डाळी, मांस, दूध, गोडधोड) आणि व्यायाम: ओझे उचलण्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पोहण्याचा सलिलश्रम, खांबावरचा स्तंभश्रम. डावांची नावेही आहेत, पण ते कसे लावायचे याचे वर्णन नाही. नावे राहिली, हात गेले. मला याचे फार वाईट वाटते. ज्या गावात राजाने मल्लविद्येवर प्रकरण लिहिले त्या गावच्या तालुक्यात आज सवारी नीट भरून दाखवणारा माणूस शोधावा लागतो, आणि तो सत्तरीचा आहे.

कलबुर्गीला परतल्यावर मी कोचला वस्तादांचा प्रश्न सांगितला. तो लगेच मॅटवर बसला आणि त्याने त्याचीच दुसरी बाजू दाखवली. पाठीवर बसलेल्या एका नवख्या पोराला त्याने पायांची कैची करायला सांगितले, म्हणजे दोन्ही घोटे पुढे एकमेकांवर अडकवायचे. पाठीवर बसल्यावर कोणालाही असे करावेसे वाटते, घट्ट वाटते. कोच खाली होता. त्याने आपला एक पाय त्या घोट्यांच्या गाठीवर टाकला, दुसऱ्या पायाने तो अडकवला आणि कंबर पुढे ताणली. वरच्या पोराने लगेच थाप मारली. पाठ त्याच्याकडे, पकड त्याची, आणि हरला तोच, घोट्यावर. वरच्यालाही एक भीती असते, पाठ निसटण्याची; तो ती जपतो आणि पाय विसरतो. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटले की हा विषय आपल्या आवाक्यात येऊ शकतो.

आता काळजीचे. आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिऊ-जित्सू महासंघाच्या नियमांत गुडघा सरळ ताणण्याचे आणि पोटरी चेपण्याचे डाव फक्त तपकिरी आणि काळ्या पट्ट्यांना चालतात. नवख्यांना पायाचा एकच डाव मोकळा आहे, घोट्याचा सरळ ताण. टाच पिळण्याचा डाव तर महासंघाने २०२१ मध्ये उघडला, तोही गी (जाड अंगरखा) न घालता होणाऱ्या स्पर्धांत, तपकिरी-काळ्या पट्ट्याच्या प्रौढांसाठीच. यामागे कारण आहे. गळा आवळला जातो तेव्हा माणसाला आधी कोंडल्यासारखे होते आणि तो थाप मारतो. कोपर ताणले जाते तेव्हा आधी दुखते. गुडघ्याचे तसे नाही. कोच आम्हाला पुन्हा पुन्हा बजावतो की गुडघा दुखू लागेपर्यंत आतला बंध गेलेला असू शकतो, आणि तो बंध जोडायला शस्त्रक्रिया आणि पुढचे सगळे वर्ष लागते. म्हणून आमच्या हॉलमध्ये हे डाव ओढायचे नाहीत, फक्त जागेवर न्यायचे आणि थांबायचे, असा नियम आहे. मला तो योग्य वाटतो. पहिल्या वर्षात कोणी सुलोएव स्ट्रेच झटक्याने लावत असेल तर त्याच्याबरोबर सराव करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदकडच्या तालमींतली पोरे आता मोबाइलवर हे सगळे डाव पाहतात आणि दुसऱ्या दिवशी मातीत एकमेकांवर लावून बघतात. मी स्वतः पाहिले आहे. त्यांच्यासाठी एवढेच सांगतो. वस्ताद किंवा जाणता कोणी समोर असल्याशिवाय पायाचा डाव लावू नका. वस्ताद आहेत तोवर त्यांच्याकडून सवारी शिकून घ्या, कारण मॅटवर जे परदेशी नावाने शिकवले जाते त्याचा पाया तिथे आहे. पाय अडकला आणि सरळ होऊ लागला की दुखायची वाट पाहू नका, लगेच थाप मारा. आणि समोरच्याने थाप मारली की त्याच क्षणी सोडा.